टाचण्यांचा घट्टा

प्रिय भिंगवाले,

ओठावरची पट्टी निघाल्याचं कळलं आणि सगळ्यांत आधी टपकली खालची इस्त्रीवाली. दार पुरतं उघडायच्या आत माझ्या ओठाची पाहणी सुरू. मागून तुझी धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, धापा टाकत. म्हणते कशी, जाऊबाई, तोंड वाकडं करायची सवय तुम्हाला होतीच, आता कायमची सोय झाली. हसून हसून माझी शिवण ताणली. शिवण मात्र डॉक्टरांनी सुबक घातलीय हो, मला कळतं त्यातलं.

दोघींना सगळं पहिल्यापासून हवं होतं. सांगितलं, चाळीस वर्षं कपडे शिवताना टाचण्या ओठांत धरल्या, तेव्हा वरच्या ओठाजवळ घट्टा पडायचाच, असं मी धरून चालले. तुझ्या आत्याने ओढत नेलं. डॉक्टरांनी वरवरचा कपचा काढला, तो तपासायला नेमका तुझ्या लॅबमध्ये तुझ्यापुढे आला, आणि तू भिंगाखाली बघून लिहिलंस, घामाच्या ग्रंथीची साधी गाठ. मी खुशाल मशीनवर बसले.

मग तू तुझ्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आलीस, आठवतं? मी टाचण्या तोंडात धरून बडबडत होते आणि तू एकदम माझा हात धरलास. एक टाचणी घट्ट्यात रुतली होती, रक्ताचा थेंब आला होता, मला पत्ताच नाही. विचारलंस, आजी, दुखत नाही इथं? म्हटलं, घट्टा कधी दुखतो का? दुसऱ्याच दिवशी तू खोलवरचा तुकडा काढायला लावलास. त्यात बारीक धागे थेट नसेभोवती गेलेले, म्हणूनच टाचणी टोचलेली कळली नव्हती. घामाच्या ग्रंथीचाच, पण कॅन्सर, तोही क्वचित कुणाला होणारा. त्याचं नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही. वरून कापड धड आणि आत अस्तराला कसर, तसला प्रकार.

ऑपरेशनला तीन आठवडे झाले. फोनवर गोळ्या घेतल्या का विचारतेस, घरी फिरकत नाहीस. आत्या म्हणाली, पहिला रिपोर्ट तू मनाला लावून घेतलास, भिंगासमोर बसणं सोडते म्हणतेस. अगं, मी कितीदा बाही उलटी जोडलीय. उसवली, पुन्हा जोडली, मशीन नाही फेकून दिलं. तुला वरचं कापड दाखवलं, तू वरचंच सांगितलंस. अस्तर बघायला हवं हे ओळखलं कुणी? तूच ना?

काल तुझ्या लॅबच्या मोठ्या बाईंचा कागद आला. कापलेल्या सगळ्या कडा स्वच्छ, आत काही उरलेलं नाही. आत्याने दोनदा वाचला, मी एकेक अक्षर लावून तिसऱ्यांदा. पण पत्र त्यासाठी नाही. तुझा कोट खुंटीवर तसाच आहे, एक बाही आखूड, एक लांब, आणि दुसरीचं माप तू अंगात घातल्याशिवाय मिळायचं नाही. टाचण्या आता मनगटावरच्या उशीत खोचते. इस्त्रीवालीला आणि धाकट्या आजीला रोग ओळखणारी पोरगी बघायचीय. गुरुवारी चारला पुन्हा येतो म्हणाल्यात. तू तीनला ये.

तुझीच,
वाकड्या ओठाची आजी