भुंकणारा हवा

१२ सप्टेंबर २००४, रविवार

सापडली! जुन्या सीबीएस बसस्टँडवर. सटाण्याच्या फलाटावर बाकड्यावर बसली होती, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. केबिनमधल्या हिरामणने ओळखलं म्हणून बरं. तो माझ्याच हाताखाली शिकला. फोनवर म्हणाला, "साहेब, आपल्या बाई इथं बसल्यात. मनमाडची गाडी विचारतायत सारख्या."

मनमाडला तिचं माहेर होतं, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. वडील कधीच गेले, क्वार्टर दुसऱ्या कोणाला मिळालं. पण कुसुमला हे कोण सांगणार? सांगितलं तर तेवढ्यापुरतं रडते, आणि चहा पिऊन झाला की पुन्हा निघते.

मी झोपलो होतो. चुकलंच. पण दुपारी डोळा लागतो, आणि आयुष्यभर गाड्यांचे हॉर्न ऐकून उजवा कान गेलाय. कडी वाजलेली कळली नाही.

१३ सप्टेंबर

उपेंद्रचा पुण्याहून फोन. हिरामणनेच कळवलं असणार, चोंबडा! "बाबा, आता पुन्हा आई अशी निघून गेली तर मी येऊन तिला घेऊन जाणार. इथे अशा पेशंटना ठेवून घेणारी जागा आहे. ज्योत्स्ना बघून आली."

म्हटलं, सून जागा बघून पण आली? वा! ती माझी बायको आहे, पार्सल नाही. फोन आपटला.

तिला परक्यांच्या हाती देणार नाही. अंघोळीपासून वेणीपर्यंत सगळं मी करतो. दुसरं कोण करेल असं?

१५ सप्टेंबर

कुलपाचा प्रयोग मागेच करून झालाय. दहा मिनिटं दूध आणायला गेलो होतो, तेवढ्यात दार बडवून तिने हाताची सालटं काढली. वरची कडी लावली तर स्टूल घेऊन काढते. त्या वेळी मात्र डोकं बरोबर चालतं!

आज समोरच्या बिल्डिंगमधे पेपरवाला जिन्यात आला आणि आतून कुत्रा असा काही भुंकला की माझ्या उजव्या कानालासुद्धा ऐकू आलं. तेव्हापासून तोच विचार. दारापाशी कुत्रा. कडी वाजली की भुंकेल, मी उठेन. बस, एवढंच काम!

१९ सप्टेंबर, रविवार

जो भेटतो तो कुत्र्यातला जाणकार. शेजारी म्हणतात अल्सेशियन घ्या, चोर फिरकणार नाही. अहो, मला चोराला आत येण्यापासून नाही, बायकोला बाहेर जाण्यापासून अडवायचंय! भाजीवाली म्हणते गावठी घ्या, फुकट मिळतं. आणि सोसायटीचे सेक्रेटरी गायधनी जिन्यात अडवून म्हणाले, "कुत्रा आणा, पण न भुंकणारा आणा." कपाळाला हात लावला.

२२ सप्टेंबर

दिंडोरी रोडला डॉ. आहेरांकडे गेलो. जनावरांचे डॉक्टर, पण बोलणं माणसांच्या डॉक्टरांपेक्षा बरं. घर केवढं, मजला कितवा, लिफ्ट आहे का, फिरवणार कोण, सगळं विचारलं. शेवटी, "कुत्रा हवा कशाला?"

म्हटलं, भुंकायला.

हसले. मग कुसुमचं सांगितलं तेव्हा हसू गेलं. म्हणाले, "अल्सेशियन दोन खोल्यांत कोंडलात तर त्याचे हाल आणि तुमचेही. लॅब्राडोर गोड, पण वहिनींना जिन्यावरून ओढून पाडेल, आणि दार कोणीही उघडलं तरी शेपटी हलवेल. पॉमेरियन चिमणीवरसुद्धा भुंकतो. महिनाभराने तुम्हाला त्याचा आवाज ऐकूच येणार नाही, आणि मे महिन्यात तेवढे केस घेऊन तुमच्या स्लॅबखाली तो भाजून निघेल. टीव्हीवरचा तो चपट्या नाकाचा पग आता सगळ्यांना हवाय. तो नुसता घोरतो."

"मग राहिलं काय?"

"डॅशहुंड. आखूड पायांचा, लांबडा. जागा कमी लागते, पण आवाज छातीतून काढतो. फक्त जिना चढू-उतरू देऊ नका, पाठीला वाईट. उचलून न्यायचा. हट्टी असतो. आणि एकाच माणसाचा होतो. कोणाचा, ते तो ठरवतो."

माझाच होणार की! खायला मी घालणार.

१० ऑक्टोबर, रविवार

आणला! देवळाली कॅम्पला एका पारशी बाईंकडे पिल्लं होती. त्यांनी माझीच अर्धा तास मुलाखत घेतली. एवढे प्रश्न मला नोकरी लागतानाही विचारले नव्हते.

काळा, भुवयांच्या जागी दोन पिवळे ठिपके. कुसुमने मांडीवर घेतला आणि म्हणाली, "काळू." जणू आधीपासूनच तिला माहीत होतं. मी दुसरं नाव ठरवलं होतं. राहू दे.

रात्री जेवताना तिने मला हाक मारली, "अहो." कितीतरी दिवसांनी!

२४ ऑक्टोबर, रविवार

काळू मोरीत सोडून सगळीकडे मुततो.

१४ नोव्हेंबर, रविवार

फटाक्यांनी बेजार. लक्ष्मीपूजनापासून कुत्रा पलंगाखाली आणि त्याच्यासाठी कुसुमही जमिनीवर. दोघं एकमेकांना धरून. मी वर एकटा पणत्या लावत होतो.

५ डिसेंबर, रविवार

शिकवणी जोरात आहे. कडी काढायची, काळू भुंकला की बिस्किट. आता कडीला हात लागला तरी छातीतून भुंकतो. डॉक्टर म्हणाले होते तस्साच! गायधनींनी चिठ्ठी पाठवली. मी परत पाठवली, मागे लिहून — "आपल्या मातोश्रींना असं झालं तर कळेल." जरा जास्तच झालं. पण चिठ्ठ्या थांबल्या.

११ जानेवारी २००५

काम झालं! दुपारी मी झोपलेलो. काळूच्या भुंकण्याने उठून धावलो. दार उघडं, कुसुम पहिल्या जिन्याच्या वळणावर. हातात पिशवी, पिशवीत उशी. धरून आणली. जीव भांड्यात पडला. उपेंद्रला मुद्दाम फोन करून सांगितलं. म्हणाला, "बाबा, तुमचं खरंच कौतुक आहे." फोन ठेवल्यावरही बराच वेळ बरं वाटत होतं.

१३ फेब्रुवारी, रविवार

खायला मी घालतो. तीन मजले उचलून खाली मी नेतो, वर मी आणतो, गुडघे बोंब मारतात. पण बसतो तिच्या पायाशी. ती उठली की उठतो. मी खोलीत आलो की डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो.

आणि तिच्यासाठी मी आता स्टँडवरचा साहेब झालोय. "साहेब, मनमाडची गाडी लागली का?" सकाळी विचारलं तेव्हा नीट उत्तर दिलं. नंतर विचारलं तेव्हाही दिलं. संध्याकाळपर्यंत माझा आवाज फलाटावरचा झाला होता. आयुष्यभर गर्दीवर ओरडून पोट भरलं, आता घरातही तेच.

२० फेब्रुवारी

ओरडलो. फार ओरडलो. लिहीत नाही.

६ मार्च, रविवार

अंघोळीला चल म्हटलं तर मोरीच्या चौकटीला धरून बसली. दोन दिवस अंघोळ नाही, साडी ओली, वास. मनगट धरून उठवली. काळू मधे येऊन गुरगुरला. माझ्यावर! ज्याच्या हातचं खातो त्याच्यावर! लाथ उगारली, तर तिने त्याला पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की —

जाऊ दे. शेवटी अंघोळ झाली.

९ मार्च

डॉ. आहेरांकडे गेलो. म्हटलं, जात चुकली. हा माझ्यावर गुरगुरतो, बदलून लॅब्राडोर घ्यावा का? ते म्हणाले, "जातीचं नंतर बघू. कधी गुरगुरतो, ते सांगा."

म्हटलं, असाच. कधीही.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी फी देऊन निघालो.

२७ मार्च, रविवार

झोप नाही. ती रात्री उठते, कपाट रिकामं करते, गाठोडी बांधते. मी गाठोडी सोडतो. दुपारी लाइट जाते, पंखा बंद, माझा सदरा पाठीला चिकटलेला, आणि ती विचारते साहेब गाडी. मी माणूस आहे. कोणीतरी हे कुठेतरी लिहून ठेवायला पाहिजे, म्हणून लिहितो. मी माणूस आहे, आणि दमलोय.

४ एप्रिल

भांडी घासायला येणाऱ्या बायडाबाई आज जाता जाता दारात थांबल्या. "बाबा, आजींच्या दंडाला काळंनिळं झालंय. पडल्या काय कुठं?"

म्हटलं, हो, मोरीत.

"दोन्ही दंडांना हाय."

म्हटलं, दोनदा पडली.

चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला. पडत असेलही. मी काय दिवसभर बघत असतो?

१० एप्रिल, रविवार

उपेंद्रचा फोन. आई कशी आहे? म्हटलं छान. पुन्हा कधी गेली का बाहेर? म्हटलं अजिबात नाही, कुत्रा आहे ना! तो खूष. "बाबा, तुम्ही नसता तर आईचं काय झालं असतं!"

मला हसू आलं. का ते कळलं नाही.

१२ एप्रिल

काळूला आता स्वयंपाकघरात बांधून ठेवतो, तिला भरवायची आणि अंघोळीची वेळ झाली की. बांधला नाही तर मधे येतो. बांधला तरी दाराआडून भुंकत राहतो, आणि गायधनी खालून काठीने छत ठोकतात. बदलायलाच हवा. पेपरात जाहिरात द्यावी — डॅशहुंड, नर, आठ महिन्यांचा, चांगल्या घरी देणे आहे. मग लॅब्राडोर. निदान शेपटी तरी हलवेल.

१७ एप्रिल, रविवार

साखळी तोडून आला आणि चावला. उजव्या हाताला, अंगठ्यापाशी. टाके पडले, डाव्या हाताने लिहितोय. तेव्हा तो हात वर होता.

दवाखान्यातून येऊन उपेंद्रला फोन केला. म्हटलं, आजच निघ. आईला घेऊन जा. काळूलाही ने, तिच्याजवळ राहू दे.

"काय झालं बाबा? आई पुन्हा निघून गेली का?"

म्हटलं, नाही रे. मी तिला मारतो.