सहा गुरुवार आणि सात मशीनी

रविवार, १९ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझ्या गुडघ्याची खबर भाच्याकडून मिळत असते. इकडे मी बरा आहे. तुझ्या भावजयीला नवा चष्मा लागला, त्यामुळे आमच्या घरात एकाएकी धूळ फार झाली आहे आणि ती सगळी मीच आणली असं सिद्ध झालं आहे.

आधी हिशोब सांगतो, म्हणजे तुला पटेल की हे पत्र माझंच आहे. सहा गुरुवार, दर गुरुवारी सुट्टीआधीचा दीड तास, चौदा मशीनी बंद. माझ्याकडची बाई तासाला दहा कॉलरी लावते. म्हणजे बाराशे साठ कॉलरी लागल्या नाहीत. शिवाय सहा वेळा सगळ्यांचा चहा, एक फळा, आणि चाळीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेली माझी एक समजूत. ही शेवटची वस्तू सगळ्यांत महाग पडली.

झालं असं. माझ्याकडे एक काजवाली आहे, तू तिला पाहिलेलं नाहीस. शर्टाची काजं अशी करते की बटणानं स्वतःहून आत जावं. जीभही तशीच, जिथे जायचं तिथे बरोबर जाते. तिची थोरली लेक कॉलेजात शिकवते. कारखान्यात सगळ्या तिला मास्तरीण म्हणतात. ती एके दिवशी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, बायकांच्या हक्कांचा विचार जगात कसकसा वाढत गेला, त्याचे प्रवाह कोणते, हे मला या बायकांना सांगायचंय, पॅकिंगची खोली द्याल का. मी दिली. पुण्य म्हणून दिली असं समजू नकोस. आमचे शर्ट घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस दर वर्षी विचारतो, महिला कामगारांसाठी काय करता, आणि दर वर्षी मी त्याला पंखे दाखवतो. म्हटलं, यंदा फळा दाखवू.

पॅकिंगची खोली आणि माझं दुरुस्तीचं टेबल यांच्यामध्ये एक प्लायवुडची फळी आहे. पहिल्या गुरुवारी मी एक जुनी मशीन पुढ्यात ओढली, उगाच चाक फिरवत बसलो आणि कान फळीला लावले. माझे कान तुला माहीत आहेत. सात मशीनींची गोष्ट मी अजून सांगतो. तिच्याकडे मग येतो.

मास्तरीण बोलायला लागली आणि ताई, खोटं कशाला सांगू, मी ऐकतच राहिलो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी राजांची तख्तं उलथत होती, सगळी माणसं समान असं कागदावर लिहिलं जात होतं, तेव्हा काही बायकांनी विचारलं, सगळी म्हणजे आम्हीही ना? लिहिणाऱ्यांना खोकला आला. मग त्या म्हणाल्या, बुद्धी आम्हालाही आहे, तर शाळा का नाही, मालमत्ता का नाही, मत का नाही. हा उदारमतवाद्यांचा प्रवाह. मतासाठी पिढ्या गेल्या. कुणी तुरुंगात गेल्या, कुणी तिथे उपाशी राहिल्या. अर्ज लिहिणारी आजी मेली आणि मत नातीनं दिलं. मी एका गिऱ्हाइकाकडे दोनदा खेटे घातले की तिसऱ्यांदा जात नाही, आणि या बायका साठ-सत्तर वर्षं त्याच दाराशी उभ्या. मास्तरीण म्हणाली, त्यांचं मागणं मुळात साधं होतं: दारावरची पाटी काढा, आम्हालाही परीक्षेला बसू द्या.

तिथे माझा हात चाकावर थांबला. पण ते असो.

दुसऱ्या गुरुवारी माझी फजिती झाली. मी आपला फळीमागे चाक फिरवतोय, आणि पलीकडून काजवालीचा आवाज आला, "मालक, कापड न घालता किती वेळ शिवणार? आत या, खुर्ची रिकामी आहे." सगळ्या खिदळल्या. बघ, आयुष्यभर मशीनींत बसणाऱ्या बायकांपासून मी मशीनच्या आवाजामागे लपत होतो. सुईखाली कापड नसेल तर आवाज पोकळ येतो, हे त्यांना माझ्याइतकंच कळतं. गेलो मुकाट्यानं, मागच्या खुर्चीवर बसलो.

त्या दिवशी समाजवादी बायकांचं होतं. त्यांचं म्हणणं, नुसतं दार उघडून भागत नाही. कामगार सकाळी कारखान्यात येतो तो धुतलेल्या कपड्यांत, जेवून, झोपून येतो. त्याला रोज नव्यानं उभं करणारीचे श्रम कोण मोजतं? मालकाला दोन माणसांची मेहनत मिळते आणि पगार एकाचाच जातो. आणि बाई स्वतः कामाला आली तर तिच्या दोन पाळ्या, एक इथे आणि एक घरी. मला हे इतकं पटलं की घरी जेवताना तुझ्या भावजयीला अर्धा तास समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? मग ताट उचला." तेव्हापासून माझं ताट मी धुतो. प्रवाह कळला की नाही ठाऊक नाही, पाण्यात मात्र हात गेला.

तिसऱ्या गुरुवारचं मी फार सांगणार नाही. जहाल म्हणतात त्या बायकांचं होतं, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या. त्या दहा-दहाच्या गटानं एकेकीच्या खोलीत बसून एकमेकींना घरातलं सांगायच्या, आणि सांगता सांगता त्यांना कळलं की जी गोष्ट प्रत्येकीला आपलं नशीब वाटत होती ती सगळ्यांच्या घरी तीच होती. सत्ता फक्त कचेरीत नसते, ती स्वयंपाकघरात असते, अंथरुणात असते, बाईच्या अंगावर कुणाचा हक्क यात असते. मास्तरणीनं एवढं सांगितलं आणि मग कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर बसणारी पोरगी, जी कधी बोलत नाही, ती बोलायला लागली. मी उठलो आणि बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. काही बोलणी मालकानं ऐकायची नसतात, फळीमागूनही नाही.

चौथ्या गुरुवारी मायलेकींची जुंपली. मास्तरीण मागची उजळणी करत होती, मतासाठी निघालेले मोर्चे वगैरे, तर काजवालीनं मध्येच विचारलं, "या बायका मोर्चात होत्या तेव्हा त्यांची पोरं कोण सांभाळत होतं?"

मास्तरीण थांबली. मला वाटलं, आता आईला गप्प बसवते. पण तिनं खडू खाली ठेवला आणि म्हणाली, हाच प्रश्न विचारून पुढचा प्रवाह निघाला आई, आणि तो तुझ्यासारखीनंच विचारला. मग तिनं सांगितलं, काळ्या बायकांनी, जातीनं खाली ढकललेल्या बायकांनी, मोलकरणींनी या चळवळीला तोंडावर सुनावलं की तुम्ही 'बाई' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर तुम्हीच असता. आमच्यावर बाई म्हणून एक भार, रंगाचा किंवा जातीचा दुसरा, गरिबीचा तिसरा. आणि हे भार वेगवेगळ्या पिशव्यांत येत नाहीत, सगळे एकाच खांद्यावर येतात. काजवाली नुसती मान हलवत होती. जिनं लेकीला शिकवलं तिला लेकीच्या फळ्यावर स्वतःचा प्रश्न सापडला होता. असा चेहरा मी फार कमी पाहिलाय.

पाचव्या गुरुवारचं मला निम्मंच कळलं. कुणी म्हणतात, सांभाळणं, जपणं या बायकांच्या मानलेल्या गोष्टींना हलकं समजूच नका, जग त्यावरच चालतं. कुणी म्हणतात, नदी-जंगलाला लुटणारा हात आणि बाईला लुटणारा हात एकच आहे. आणि अगदी अलीकडच्या म्हणतात, बाई अशी आणि पुरुष असा, हे साचेच मुळात कुणी कापले ते आधी सांगा. ओव्हरलॉकवाली म्हणाली, "साचा कापणारा मास्तर तर पुरुषच असणार, म्हणून सगळं तंग बसतं." लोक याच्या लाटा मोजतात, पहिली, दुसरी, तिसरी. मास्तरणीला ते फारसं आवडत नाही. लाट ओसरली म्हणजे समुद्र आटला असं वाटतं, आणि मधल्या काळात घरोघर, कारखान्यांत बायका बोलतच होत्या, त्यांची कुणी मोजदाद केली नाही.

मला या सगळ्यांत काय आवडलं सांगू? भांडल्या खूप, एकमेकींचे कान उपटले, पण आधीचीनं शिवलेलं कुणी फेकून दिलं नाही. जिथे काचत होतं तिथे उसवलं, कापड वाढवलं, पुन्हा शिवलं. मी धंद्यात इतकी भांडणं पाहिली, पण भांडून वस्तू मोठी झालेली क्वचितच.

आता सहावा गुरुवार. इथवर आलो, आता टाळता येत नाही.

मास्तरणीनं विचारलं, आपल्या कारखान्यात कोणती पाटी काढायची आहे? मग ओव्हरलॉकवाली उठली. म्हणाली, मशीन आम्ही चालवतो, बिघडली की हात बांधून मिस्त्रीची वाट बघतो, मला दुरुस्ती शिकायची आहे. माझे दोन्ही मिस्त्री चहाच्या निमित्तानं दारात उभे होते. त्यातला थोरला हसला. भला माणूस आहे, वाईट हेतू नव्हता. म्हणाला, "अगं, त्याला कान लागतो. मालकांना विचार. सतराव्या वर्षी सातपैकी सात ओळखल्या. तो कान बायकांना नसतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताई, ते वाक्य त्याचं नव्हतं. माझं होतं. अकरा वर्षांपूर्वी मी कारखाना काढला, तू आलीस, दुरुस्तीच्या टेबलावर हात ठेवून म्हणालीस, हे मला दे. आणि मी तुला धागे कापणाऱ्यांची मुकादम हो म्हटलं. वर हे वाक्य म्हटलं. तुला. तू पिशवी उचललीस आणि गेलीस.

मी उभा राहिलो आणि त्यांना सांगितलं. ज्या गिरणीत आम्ही दोघं भावंडं होतो तिथे मिस्त्रीच्या जागेसाठी परीक्षा होती, आणि नोटिशीवर लिहिलं होतं, मुलींनी अर्ज करू नये. सात बिघडलेल्या मशीनी, उमेदवारानं आवाज ऐकून दोष सांगायचा. त्या मशीनी चालवायला सुपरवायझरनं एका मुलीला बसवलं, कारण तिचा पाय सगळ्यांत एकसारखा चाले. ती माझी ताई. तिनं चालवता चालवता प्रत्येक दोष ओळखला आणि डावा हात त्या त्या जागी ठेवला. कधी बॉबिनच्या झाकणावर, कधी सुईच्या दांड्यावर, कधी चाकावर. सुपरवायझर माझ्या कानांकडे बघत होता, मी तिच्या हाताकडे. पुढचं शिकवलंही तिनंच, रोज सुट्टीनंतर, वर्षभर. मिस्त्री मी झालो.

थोरल्या मिस्त्रीनं कप खाली ठेवला. मग काजवालीनं विचारलं, "मग ती ताई कुठे आहे?"

उत्तर होतं माझ्याकडे. मला ठाऊक आहे की तू घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून लोकांच्या मशीनी दुरुस्त करतेस. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक मशीन विकायला आलं, मी आतून पाहिली, हुक बदललेला, आणि काम इतकं साफ की मी विचारलं कुणी केलं. तो म्हणाला, एक बाई आहेत. मी पुढे विचारलं नाही. ती मशीन विकत घेतली आणि कुणाला हात लावू दिला नाही. पण हे चौदा बायकांसमोर कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेव्हा ताई, सरळ विचारतो. ओव्हरलॉकवालीसह चार जणींना शिकायचंय. शिकवणार कोण? माझे मिस्त्री हात शिकवतील, कान त्यांच्याकडेही बेताचा आहे. तू येशील का? दुरुस्तीचं टेबल तुझं, परीक्षा तू घ्यायचीस, कोण पास ते तू ठरवायचंस, माझ्या मिस्त्रींनाही बसव. हुद्दा मिस्त्री. मुकादम नाही. पगार थोरल्या मिस्त्रीपेक्षा वर, त्यानं स्वतः तसं म्हटलं आहे. नाही म्हणालीस तरी मी समजेन. तेव्हा तू माझ्याकडे आली होतीस आणि मी नाही म्हटलं होतं, आता तुझी पाळी आहे. बायकांना मी सांगितलंय की ताईला पत्र लिहितो. येतेच असं म्हटलेलं नाही.

आणि माझी थोडी लाज राखायची म्हणून एवढं लिहितो: सहा तुझ्या हाताच्या, हे कबूल. सातव्या मशीनला मात्र तू दोन्ही हात मांडीवर ठेवले होतेस. ती मी एकट्यानं ओळखली.

माफ कर हा शब्द मी चारदा लिहिला आणि खोडला, कारण तो फार स्वस्त दिसत होता. खोडलेला तुला वरच्या बाजूला दिसेल.

तुझ्या डाव्या हाताचा ऋणी,
बारक्या

ता. क. सातव्या मशीनचा पट्टा तुटून खाली लोंबत होता.