राजूरची रग्बी

११ सप्टेंबर १९६०, रविवार. दुपार.
रोमला आपण हॉकी हरलो. पाकिस्तानकडून, एका गोलने. नागपूरचा पेपर आला तेव्हापासून सगळी वस्ती गप्प आहे. बायकोने, कौसल्येने, विचारलं, जेवायचं नाही का. म्हटलं, देश हरला आहे. ती म्हणाली, मग भाकरी झाकून ठेवते.
मला दुःख झालं, आश्चर्य नाही. सरकार सगळी भिस्त एकाच खेळावर ठेवतं. राष्ट्रीय क्रीडा धोरण कुणीतरी शांत डोक्याने नव्याने आखायला हवं. दिल्लीत तसं डोकं दिसत नाही. राजूरमध्ये एक आहे.
संकल्प : आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही.

१२ सप्टेंबर
उत्तर सापडलं. रग्बी.
हा विचार माझ्या मनात बारा वर्षं आहे. खाणीतले जोन्स साहेब विलायतेला परत गेले, तेव्हा बंगला आवरायला मला, म्हणजे खाणीच्या टाइमकीपरला, लावलं होतं. एक लांबोळा चेंडू आणि चार इंग्रजी मासिकं अडगळीत पडली होती. ती मी घरी आणली. मासिकांतले सगळे फोटो रग्बीचे. चिखलात एकावर एक पडलेली धिप्पाड माणसं. खाली लिहिलेलं : वेल्स. आणि वेल्स म्हणजे काय? कोळशाच्या खाणी. दिवसा कोळसा काढतात, शनिवारी रग्बी खेळतात, इंग्लंडला हरवतात.
राजूर म्हणजे तरी काय? कोळशाची खाण.
ही गोष्ट अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेली नाही. कलकत्त्याला रग्बी खेळतात म्हणे, पण ते क्लबातले लोक. त्यांच्या नखात कोळसा नाही.

१८ सप्टेंबर
मासिकं पुन्हा वाचली. या खेळात चेंडू घेऊन रेषेपार पडलं की गुण मिळतात, आणि त्याला म्हणतात ट्राय. म्हणजे प्रयत्न. प्रयत्नालाच गुण देणारा जगातला हा एकमेव खेळ असावा. तो माझ्या स्वभावाला इतका जुळतो की मीच शोधून काढायला हवा होता.
प्रत्यक्ष रग्बी मी एकदाच पाहिली आहे. जोन्स साहेबांनी बंगल्यासमोर चेंडूला लाथ मारली, तो चिंचेत अडकला. पण शैली लक्षात आहे.

२ ऑक्टोबर, रविवार
काल यवतमाळच्या जिल्हा कचेरीहून खेळांचं परिपत्रक आलं. प्रत्येक गावाने, कारखान्याने, खाणीने खेळागणिक एक अर्ज करायचा. मंजूर झाला तर मैदानाला अनुदान. मुदत दहा तारखेपर्यंत.
संध्याकाळी उकंडा आला. खाणीत कोळशाचे डबे ढकलणारा, आमच्या कबड्डी टीमचा कप्तान. कोपर सोललेलं, गुडघ्याला चिंधी. रेल्वेच्या साइडिंगजवळच्या गोट्यांवर खेळतात बिचारे. म्हणाला, ‘‘टाइमबाबू, तुमी खेळ समितीचे सेक्रेटरी हा. आमच्या कबड्डीचा कागद लिवून द्या. जागा सपाट झाली, वरून मऊ माती पडली, की बस.’’ त्याने खाली सही केली. बाकी दहा जणांनी अंगठे दिले. वरची जागा कोरी. मी म्हटलं, सावकाश, सुंदर अक्षरात लिहीन.

४ ऑक्टोबर
अर्ज लिहायला बसलो. कबड्डीसाठी काय मागायचं, सुचेना. कबड्डीला लागतं काय? श्वास. तो फुकट आहे. रग्बीला मात्र उंच खांब लागतात, बूट लागतात, प्रचंड मैदान लागतं. म्हणजे अनुदानाची गरज रग्बीलाच. हे साधं अर्थशास्त्र आहे.

८ ऑक्टोबर
अर्ज टाकला. ‘राजूर येथे राष्ट्रीय रग्बी केंद्र.’ ‘राष्ट्रीय’ शब्दाने वजन येतं.
उकंडाला अजून सांगितलेलं नाही. कळल्यावर त्याचाच आनंद द्विगुणित होईल. जगाच्या पाठीवर नाव निघेल पोरांचं. आणि मोठ्या मैदानाच्या एका कोपऱ्यात कबड्डी खेळायला मी काही नाही म्हणणार नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार
पहिला सराव. बोलावले पंधरा, आले सात. त्यांतले दोघे कौसल्येच्या हातचा चिवडा मिळेल असं ऐकून आले होते. ही अफवा मीच पसरवली होती, पण कौसल्येला सांगायचं राहिलं.
चेंडू पाहून सगळ्यांनी त्याला पपई म्हटलं. मी दुर्लक्ष केलं.
स्क्रम शिकवला. दोन्ही बाजूंनी डोकी खाली घालून रेटायचं. हिरासिंग तांड्यावरून येतो, कोळसा भरतो, एकटा दोघांना उचलेल असा गडी. त्याने डोकं खाली घालायला नकार दिला. म्हणाला, ‘‘आमी का बकरे हाओ, टकरा घ्याले?’’
मग पासिंग. चेंडू हाताने द्यायचा तर मागेच द्यायचा, पुढे नाही. उकंडाने विचारलं, पुढं जायाचं हाये तं मांगं कायले द्यायचा? मी सांगितलं, सरकारी कागदही असाच मागे मागे जात पुढे जातो. ते सगळ्यांना लगेच पटलं.
एकंदरीत सराव यशस्वी.

१३ नोव्हेंबर
पाच रविवार झाले. पोरं येतात, पण मी पाठ फिरवली की कबड्डी सुरू. चेंडू मधे ठेवतात आणि त्याच्याभोवती दम धरून फिरतात. वेल्समध्येही सुरुवातीला असंच झालं असणार.
उकंडाने दोनदा विचारलं, कबड्डीच्या कागदाचं काय झालं. म्हटलं, कागद गेला. हे खरं आहे.
संकल्प : रोज पहाटे धावणे. रग्बीचा कप्तान मीच, आदर्श ठेवायला हवा. वय बेचाळीस म्हणजे काही नाही.

१४ नोव्हेंबर
पहाटे थंडी होती.

३ डिसेंबर, शनिवार. रात्री साडेआठ.
आज कार्डिफला वेल्स विरुद्ध दक्षिण आफ्रिका. खाणीच्या क्लबातल्या रेडिओवर पावणेआठपासून विलायत लावायचा प्रयत्न केला. बराच वेळ खरखर. मग एक साहेब फार उत्तेजित होऊन बोलताना ऐकू आला, मागे लोकांचा गजर. वेल्स जिंकतंय हे त्याच्या आवाजावरून स्पष्ट होतं. पत्ते खेळणाऱ्यांना मी तसं सांगितलं. एकाने विचारलं, वेल्स कुठं आलं, वर्ध्याच्या पल्याड का? अशा लोकांत राहून मी राष्ट्रीय धोरण आखतो आहे.

८ डिसेंबर
इंग्रजी पेपरात कोपऱ्यात बातमी. वेल्स हरलं. शून्य-तीन. मुसळधार पाऊस, मैदानाचं तळं. पण पावसात फक्त तीनच गुण होऊ दिले, याला मी नैतिक विजय समजतो. राजूरला पावसाळ्याचे चार महिने सोडले तर पाऊस नाही. म्हणजे आपण वेल्सच्याही पुढे आहोत.

२२ डिसेंबर
यवतमाळहून पत्र. खेळांचे साहेब आठ जानेवारीला पाहणीला येणार, तयारी पाहून शिफारस करणार. कौसल्येला पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात रग्बी लिवलं हाये, उकंडाले ठाऊक हाये का? बायकांना धोरण कळत नाही.
ठरवलं आहे, उकंडाला उद्या सांगायचं.

२३ डिसेंबर
आज त्याची पाळी वेगळी होती.

२ जानेवारी १९६१
आज तो भेटला, पण घाईत होता. मीही घाईत होतो.

७ जानेवारी
सर्व सिद्धता झाली. बांबूचे खांब उभे केले. एक किंचित कलला आहे. स्टँड-ऑफ हाफ या महत्त्वाच्या जागेवर मी स्वतः खेळणार. उकंडाला उद्या साहेब यायच्या आधी सांगतो. सकाळी भरपूर वेळ आहे.

८ जानेवारी, रविवार. (कौसल्या उठून बसू देत नाही, म्हणून पडल्या पडल्या लिहितो.)
साहेबांची जीप तासभर आधी आली.
उतरल्याबरोबर त्यांनी अर्ज काढून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. राष्ट्रीय रग्बी केंद्र. मग खालची नावं वाचली. उकंडाचं पहिलं. उकंडाने माझ्याकडे पाहिलं. मी चेंडूत हवा भरत होतो. चेंडू भरलेलाच होता.
तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘‘बाबू, हा आपल्या कबड्डीचा कागद नोहोय का?’’ मी म्हटलं, नंतर समजावतो. हिरासिंग शर्ट खांद्यावर टाकून निघाला होता. त्याच्या मागे बाकीचेही. उकंडाने त्यांना थांबवलं. म्हणाला, ‘‘बाबूनं साहेबाले बोलावलं हाये. त्याची इज्जत ठिवा. खेळून टाकू.’’
खेळ सुरू झाला. हे लिहिलंच पाहिजे की मी चेंडू घेऊन धावलो. आयुष्यात पहिल्यांदा. समोर रेषा, रेषेपलीकडे साहेब. पाचसात पावलं फार सुंदर पडली. मग हिरासिंगने माझा घोटा धरला, मी पडलो, आणि बाकीच्यांनी सवयीने हाताला हात धरून मला कोंडलं. कुणीतरी दाबून बसलं. माझा दम सुटला तशी सगळे ओरडले, आउट.
साहेबांनी विचारलं, हीच रग्बी का? हिरासिंगने सांगितलं, ‘‘नाई साहेब, ही पपईची कबड्डी हाये.’’
साहेब बराच वेळ हसले. मग मला बाजेवर टाकलं आणि साहेब म्हणाले, आता पपईशिवाय खेळा. वीस मिनिटं खेळले त्या गोट्यांवर. उकंडाने एका दमात तिघांना मारलं, परतताना गुडघ्यावर घसरत आला. रक्त निघालं, पण हात रेषेवर. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. खोटं कशाला लिहू, बाजेवरून मीही वाजवल्या. बरगडी दुखली.
साहेबांनी विचारलं, या खेळाचा अर्ज का केला नाही? सगळे माझ्याकडे बघतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. उकंडाचा आवाज आला, ‘‘राहून गेला, साहेब.’’
जाताना साहेब माझ्याशी सौम्यपणे बोलले. रग्बी ऑलिंपिकमध्ये कधीकाळी होती, बंद होऊन छत्तीस वर्षं झाली. मी म्हटलं, मला माहीत आहे. माहीत नव्हतं.

१५ जानेवारी
बरगडीला चीर. वेल्सच्या खेळाडूंना हे नेहमीचं असतं. त्यांना रजाही मिळत असावी.
बघायला खाणीतले बरेच आले. उकंडा आला नाही. कामात असेल.

२० फेब्रुवारी
यवतमाळचा निकाल. रग्बी मान्य खेळांच्या यादीत नाही, सबब अर्ज नामंजूर. राजूरहून दुसरा अर्ज आलेला नाही, सबब इतर खेळाचा विचार करता येत नाही. पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा.
धोरण चुकीचं आहे. यादी कुणी केली? त्याने खाण पाहिली आहे का?
पत्र दोनदा वाचलं. दुसरा अर्ज आलेला नाही, हे वाक्य तिसऱ्यांदा वाचलं.

५ मार्च, रविवार
साइडिंगजवळ मंडळी स्वतःच जागा सपाट करताहेत असं कळलं. उकंडासाठी खुलासा तयार केला. मुद्दे पाच. पहिला राष्ट्रहिताचा. पाठ करून गेलो.
अकराही जण होते, बायकाही. उकंडाची बायको पंचफुला गोटे वेचून टोपलीत टाकत होती. मी पहिला मुद्दा सुरू केला. उकंडाने कुदळ थांबवली. रागावला असता तर सोपं झालं असतं. तो म्हणाला, ‘‘आमाले वाचता येत नाई, म्हणून तं तुमाले देल्ता कागद.’’ आणि पुन्हा खोदायला लागला.
बाकीचे चार मुद्दे मी सांगितले नाहीत. उभा होतो. उन्हात किती वेळ उभं राहणार. पंचफुलाबाईंनी एक घमेलं पायाने माझ्याकडे सरकवलं. नाल्यातून माती आणायची होती. अकरा खेपा केल्या. बरगडी ठणकते आहे.
उकंडा निघताना म्हणाला, पुढच्या रविवारी उन्हाच्या आत या.

१८ जून
मैदान झालं. मऊ आहे. मी पडून पाहिलं.
आज घुग्गुसच्या खाणीच्या टीमला हरवलं. शिटी माझ्याकडे होती. हिरासिंगच्या मते मी दोन निर्णय चुकीचे दिले. माझ्या मते एक.

१ ऑक्टोबर १९६१, रविवार
यवतमाळचं परिपत्रक यंदाही आलं. सेक्रेटरी या नात्याने कोरे कागद, टाक, नवी दौत घेऊन उकंडाच्या घरी गेलो. यंदाचा अर्ज इंग्रजीत करायचा विचार होता. सुरुवातीला कबड्डीच्या प्राचीन परंपरेवर दोन पानं, शेवटी ऑलिंपिकबद्दल सूचना.
अर्ज लिहून झाला होता. पंचफुलाबाईंनी लिहिला. बौद्ध दीक्षा घेतल्यापासून वस्तीतल्या प्रौढ वर्गाला जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. चार ओळी. आमची टीम आहे. मैदान आम्ही केलं. पावसात माती वाहते, म्हणून कडेने विटांचा बांध पाहिजे. येऊन पाहावे. खाली अकरा नावं, आणि यंदा अंगठे फक्त तीन.
त्यांनी मला तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला, सावकाश, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून. मला वाचायला हातात दिला नाही. ‘मैदान’ला नको ती वेलांटी पडली होती. खिशातला टाक बाहेर आला. पंचफुलाबाईंनी माझ्या टाकाकडे पाहिलं. मी तो परत खिशात ठेवला.
मग पाकीट बंद करून, गोंद वाळेपर्यंत दाबून, त्यांनी माझ्याकडे दिलं. म्हणाल्या, ‘‘बाबूजी, तुमी पोस्टाकडूनच जाता नं? तिकीट लावून टाकून द्या.’’
तिकीट लावलं. टाकलं.