दोन खोल्यांचं गॉथिक

२ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
ही आज बहिणीकडे गेली. बहिणीचा पाय प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे सहा आठवडे तरी येत नाही. दारातून सूचना: दूध कमी करा, कुंड्यांना पाणी घाला, शिलाई मशीनवर कपडे टाकू नका. मी मान हलवली. लक्ष भिंतीकडे होतं. गुलाबी भिंत, त्यावर प्लास्टिकची वेल, वेलीवर प्लास्टिकचा पोपट. अशा घरात मी तेवीस वर्षं काढली.
संकल्प: ती यायच्या आत हॉल संपूर्ण गॉथिक करणे.

३ फेब्रुवारी
गॉथिक म्हणजे काय हे या इमारतीत माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही. युरोपातल्या जुन्या चर्चची शैली: टोकदार कमानी, उंच छत, रंगीत काचा, भरपूर अंधार. रद्दीवाल्याकडे मिळालेल्या इंग्रजी पुस्तकात बेचाळीस चित्रं आहेत. मजकूर वाचलेला नाही. तो ज्यांना डोळा नाही त्यांच्यासाठी असतो. एकतीस वर्षं ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसलो, पण नजर कायम उंच ठेवली. प्रमोशन त्यामुळेच हुकलं.

५ फेब्रुवारी
फोनवर हिला मोघम सांगितलं, घर जरा नीट करतोय. म्हणाली, करा काय करायचं ते, फक्त खिडकीला हात लावू नका. हॉलच्या खिडकीशी हिचं शिलाई मशीन असतं. शाळेच्या गणवेशांचं काम यंदा पहिल्यांदाच मिळालंय, दीडशे मुलांचं, आल्या आल्या सुरू करायचंय. दहा वर्षं त्या शाळेत खेटे घालत होती. नजर आता अधू झालीये, दुसरीकडे कुठे टाका दिसत नाही म्हणाली. चार वेळा तेच सांगितलं. बायकांना एक गोष्ट एकदा सांगून समाधान नसतं.
खिडकीला हात लावणार नाही. काचांना लावीन. खिडकी वेगळी, काच वेगळी.

८ फेब्रुवारी, ११ वाजता
सुतार येऊन गेला. मी एकच शब्द उच्चारला: गॉथिक. त्याने विचारलं, हॉलमध्येच? तिसऱ्या मजल्यावर? म्हटलं, का, जमत नाही? म्हणाला, न जमायला काय झालं, आमच्या वडलांनी गावाकडे दोन बांधलेत. मी थक्क. खेड्यात गॉथिक, आणि इथे लोक पोपट लावतात.
प्रश्न मात्र एकेक नेमका. सोय कितीजणांची? म्हटलं, दोघांची, कुणी आलं-गेलं तर चार. उतार द्यायचा का? म्हटलं, उतारातच तर सगळा जीव आहे. पाणी कुठून काढू? म्हटलं, बाल्कनीतून. गॉथिक इमारतीत पाणी काढायला राक्षसांची तोंडं असतात, ते याला न सांगता ठाऊक. एकदाच अडखळला. वहिनींना चालेल का, म्हणाला. म्हटलं, होईल सवय. पुस्तक दाखवलं नाही. अस्सल कारागिराला चित्र दाखवणं म्हणजे त्याचा अपमान.
वस्तू दुकानात बनवून आणतो म्हणाला.

११ फेब्रुवारी
रंगाऱ्याने काळ्या रंगाचा डबा उघडला आणि हळूच विचारलं, घरात कोण गेलं. म्हटलं, अभिरुची गेली, बाकी सगळे ठणठणीत. त्याला कळलं नाही. दोन हात मारून झाले तरी खालचा गुलाबी डोकावतोच. भिंत वांग्याच्या रंगाची झाली. गॉथिकमध्ये वांगी रंग असतो. पुस्तकातली चित्रं काळी-पांढरी आहेत, पण असतोच.

१५ फेब्रुवारी
काचा रंगवल्या. स्वतः. चार दिवस. वर गरुड, खाली तलवार, मध्ये जांभळा आणि तांबडा. दुकानदाराला विचारूनच सगळ्यात पक्का रंग आणला, जन्मात निघणार नाही असा. खालच्या काकूंनी जिन्यात गाठून सांगितलं, कोंबडी छान काढलीत. गाढवाला गुळाची चव काय.
हॉलमध्ये दुपारी दोनला पेपर वाचता येत नाही. अपेक्षेपेक्षा लवकर यश.

१९ फेब्रुवारी
सोसायटीचं पत्र. सही सेक्रेटरीची, म्हणजे शिट्टीची. (बोलताना नाक वाजतं.) लिहिलंय: इमारतीत गुरं बांधता येणार नाहीत, तिसऱ्या मजल्यावर तर नाहीच नाही. शिट्टीला कला कळत नाही हे मला ठाऊक होतं. पण टीका करताना माणूस इतक्या खालच्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. तीन पानी उत्तर दिलं. शेवटी लिहिलं की जे येणार आहे ते थोपवणं तुमच्या हातात नाही.

२४ फेब्रुवारी, दुपारी १
परवा सुताराला किल्ली देऊन मेणबत्त्यांचे स्टँड आणायला बाहेरगावी गेलो होतो. परतलो तर हॉलमध्ये भिंतीला धरून सात फुटी गव्हाण. समोर दोन खुंट, खुंटांना लोखंडी कड्या. जमिनीला सिमेंटचा पक्का उतार, थेट बाल्कनीपर्यंत, कडेने नाली.
या मूर्खाने गोठा ऐकलं. म्हणतो, साहेब, मला वाटलं शहरात गोठ्याला गोठिक म्हणत असतील. वर विचारतो, म्हशी की गाई? सगळ्या इमारतीला त्यानेच सांगितलं असणार. आपण चित्र दाखवायला हवं होतं असं क्षणभर वाटलं. पण मी शब्द स्पष्ट उच्चारला होता. ऐकणाऱ्याचा कान वाकडा, त्याला मी काय करू.

२५ फेब्रुवारी
रात्र गेल्यावर डोकं शांत झालं. गव्हाण म्हणजे शेवटी काय, लांबट कोरीव बाक. खुंट म्हणजे खांब. कड्या तर मुळातच गॉथिक. सुताराला काढून न्यायला सांगितलं नाही. उताराचा मात्र किरकोळ त्रास. खुर्चीत बसलं की खुर्ची निघते. हिचं मशीनही चाकांवर असल्यामुळे दोनदा बाल्कनीत जाऊन थांबलं. तिसऱ्यांदा खुंटाच्या कडीला बांधून टाकलं.
शिट्टी पाहणीला आला. गव्हाण बघून शेणाची व्यवस्था काय, एवढंच विचारलं. मी दार लावून घेतलं.

९ मार्च
छताच्या कमानी स्वतः केल्या, प्लायवूडच्या. सुतारांवर आता विश्वास नाही. पंखा लावला तेव्हा त्याने मधली कमान खाल्ली. दोष पंख्याचा. गॉथिक काळात पंखे नव्हते, आता आपल्याकडेही नाही. ट्यूबलाइट कमानीच्या वर राहिली, ती लागते पण खाली काही येत नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात गव्हाण फार भारदस्त दिसते. बसलो होतो एकटाच. कौतुक करायला माणूस नाही, हे या इमारतीचं दुर्दैव.

१८ मार्च
ही परवा येते. फोनवर पहिला प्रश्न: खिडकीच्या काचा पुसल्यात का? म्हटलं, काचा आता वेगळ्याच पातळीवर आहेत. ती म्हणाली, शाळेने कापड तयार ठेवलंय, एक जूनला सगळे गणवेश द्यायचेत, नाहीतर काम दुसऱ्या बाईला. आवाजात जरा आनंद होता. साहजिक आहे. घर बघेल तेव्हा आणखी होईल.

२० मार्च, दुपारी ४.१५
ही आली. दारात उभी राहून म्हणाली, लाइट गेलेत का? म्हटलं, नाही, हेच ते. बॅग खाली ठेवली, ती घरंगळत बाल्कनीकडे गेली. तिने बॅगेकडे पाहिलं नाही. चाचपडत मशीनपाशी गेली, कडीची गाठ सोडली, सुई-दोरा घेतला आणि गरुडाखाली उभी राहिली. दोरा ओवायला बघत होती. तीनदा बघितलं. चौथ्यांदा सुई माझ्या हातात दिली. मलाही ओवता आली नाही.
ओरडली नाही. म्हणाली, एकच गोष्ट मागितली होती.
मग आत जाऊन पडली. प्रवासाचा शीण असणार. शिवाय पहिल्या भेटीत गॉथिक झेपत नाही, हे मी गृहीत धरलंच होतं.

२१ मार्च
थिनर, ब्लेड, रॉकेल. गरुडाची फक्त चोच निघाली. खिडकी उघडावी तर पल्ले त्याच रंगाने चौकटीला चिकटलेत. रंग खरोखरच पक्का आहे, दुकानदार प्रामाणिक निघाला. काचा बदलायला काचवाला दोन महिने मोकळा नाही.

२३ मार्च
शिट्टीची तळमजल्यावरची पुढची खोली रिकामी होती. हिने जाऊन विचारलं, तो लगेच हो म्हणाला. मशीन खाली न्यायला सुतार आला, एक पैसा न घेता. वहिनींसाठी एवढं तरी, म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. सगळे एका माळेचे मणी. हिने मशीनबरोबर अंथरूणही नेलं. काम संपेपर्यंत, म्हणाली.
हरकत नाही. मोठ्या कामाला एकांत लागतो.

२ एप्रिल
डबा वर येतो. खालच्या काकू आणून देतात आणि दारातूनच परत जातात. मी जेवतो गव्हाणीत ताट ठेवून, कारण टेबलावर ताट थांबत नाही. हिने एकदाही वर डोकावलं नाही. मी वाट बघतोय अशातला भाग नाही. आज सहज मोजलं, दहा दिवस झाले.

१९ एप्रिल, सकाळी १०.३०
खाली गेलो. शिट्टी बाहेर पेपर वाचत होता, सरकून जागा दिली. नाक वाजलं.
खोलीत ऊन थेट मशीनवर येतं. सदऱ्यांचे गठ्ठे लागलेत, निळे. ही मान खाली घालून शिवत होती. मी दारातच उभा. मग तिने बटणांची पेटी आणि एक सदरा माझ्याकडे सरकवला. सात बटणं लावली. दोन उलटी लागली, ती तिने काढायला लावली.
खरं लिहायचं तर मला ती घरी हवी आहे. हे तिला सांगितलंही. म्हटलं, गव्हाण काढतो, काळा रंग काढतो, सगळं काढतो, कधी येतेस वर? तिने मशीन थांबवलं. शांतपणे म्हणाली, ही खोली मी वर्षभरासाठी घेतलीये. शाळेनं पुढच्या वर्षाचंही काम दिलंय. तुम्ही वर सुखाने राहा, तुम्हाला आवडलंय ना ते घर.
मी विचारलं, मग मी काय करू?
म्हणाली, पुढचा सदरा घ्या.
घेतला.