धुरांड्यातला मिस्त्री

२ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचे उमेळ्याला. ठाण्याचा फ्लॅट सोडताना माझा चेहरा एवढासा झाला होता, पण या घरामागची भट्टी पाहिली आणि जीव भांड्यात पडला. खरीखुरी विटांची, लाकडावर चालणारी भट्टी, आणि तिच्यावर माणूस आत उभा राहील एवढं रुंद धुरांडं. नाताळच्या केकच्या बावीस ऑर्डरी मी आधीच घेऊन ठेवल्यात. जितेंद्र म्हणतो, संपदा, आधी धूर तर निघू दे. नवरा असला तरी बरोबर बोलला. धुरांड्याच्या आतल्या विटा ढिल्या झाल्यात.

घरमालकीण फ्लॉसी आंटी समोरच्या नव्या इमारतीत राहतात. भाड्याची बोलणी झाली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, आज पुन्हा सांगून गेल्या: गवंडी लावाल तेव्हा त्याला एकटं सोडून उठायचं नाही, जेवायलासुद्धा. चोरीची भीती असावी. आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय, जितेंद्रची अंगठी सोडली तर? चहा हवा असला की तो ती टेबलावर टकटक वाजवत बसतो आणि माझ्या डोक्यात जातो.

५ नोव्हेंबर, बुधवार

गावच्या ग्रुपवर टाकलं, चिमणी दुरुस्तीला माणूस हवा. तीन जण आले, तिघेही स्वयंपाकघरातली विजेची चिमणी साफ करणारे. एकानं भट्टीला पूर्ण वळसा घालून प्लग कुठे आहे ते विचारलं. जितेंद्र अजून हसतोय.

शेवटी गॉडफ्रे नावाचा कंत्राटदार भेटला. सोमवारी शत्रुघ्न मिस्त्रीला पाठवतो म्हणाला. बिगारी मिळत नाहीत, विटा आणि कालवलेला माल हातात द्यायला घरचंच कुणीतरी उभं राहा. दोनशे विटा अंगणात उतरवून घेतल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाजारातून परत येते तो काम सुरूसुद्धा झालं होतं. मिस्त्री छपरावरून आत उतरला असावा. भट्टीच्या वर काजळी काढायचं चौकोनी तोंड आहे, तिथून थापीचा आवाज येत होता. हाक मारली तर आतूनच त्यानं पद्धत सांगितली: एक ठोका म्हणजे वीट, दोन म्हणजे माल, तीन म्हणजे बिगाऱ्यानं वर यायचं. मग म्हणाला, ‘पानी आन, बाय.’ बोलण्यावरून इथलाच वाटतो.

तोंडातून हात खाली येतो, सिमेंटनं करडा झालेला, आणि वीट घेऊन वर जातो. चेहरा काही दिसला नाही. जेवायला बोलावलं, उतरला नाही. असा कामसू माणूस मी जन्मात पाहिला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

परवा दुपारपासून जितेंद्रच बिगारी झालाय. घरून काम करतो म्हणजे ऑफिसचं करायला हवं ना? आज दोन मीटिंग चुकवल्या. जेवायला तीनदा बोलावलं. कामातून उठता येत नाही, म्हणाला. ताट भट्टीपाशी नेऊन दिलं तर ते तसंच राहिलं, त्यावर धूळ बसली. मी भांडले. त्यानं वर बघतच ऐकलं.

मिस्त्री संध्याकाळी कधी जातो ते आम्ही दोघांनीही पाहिलेलं नाही.

शंभराच्या वर विटा गेल्या. मी तोंडातून आत डोकावले. जुन्याच विटा दिसल्या, तशाच ढिल्या.

मला हे आवडत नाहीये.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अकराला गॉडफ्रेचा फोन आला. घरात आवाज तुटत होता म्हणून फाटकापाशी गेले. तो माफी मागत होता. शत्रुघ्न बहिणीच्या लग्नाला लातूरला गेला होता, उद्या नक्की येईल.

मी विचारलं, मग आत कोण आहे? त्यानं विचारलं, कुठे आत?

मागून ठोके ऐकू आले. तीन.

धावले. घमेलं होतं, थापी होती. चपला भट्टीपाशी, शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. जितेंद्र नव्हता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पोलीस म्हणाले, मोठा माणूस आहे, येईल. शत्रुघ्न आला, छपरावर चढला, बॅटरी मारली. धुरांडं तळापर्यंत रिकामं. एकही नवी वीट नाही. खाली उतरला आणि चहासुद्धा न घेता गेला. गॉडफ्रे सोमवारी माणसं आणून सगळं पाडणार आहे. उद्या रविवार, कुणी मिळत नाही.

फ्लॉसी आंटी रडल्या, मग सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी, सणाचा दिवस. मिस्त्री आत होता. त्यांच्या सासऱ्यांनी बिगाऱ्याला जेवायला बोलावलं. खालून वीट मिळेना, आणि ओला थर मिस्त्रीच्या अंगावर आला. तो दुपारभर ठोकत होता. सगळ्यांना वाटलं, काम चाललंय.

मी त्यांना जा म्हटलं. फार वाईट बोलले.

दुपारी

एक ठोका. थापीचा नाही. तो टकटक आवाज मी कुठेही ओळखेन.

वीट धरली. करडा हात आला, बोटात अंगठी. मी मनगट पकडलं, जितू म्हणून ओरडले. बर्फासारखं गार. हातातून निसटलं, वीट घेऊन वर गेलं.

दिली नाही तर सगळं त्याच्या अंगावर येईल. येणारच. म्हणून मी इथून हलणार नाही. सोमवारपर्यंत फक्त.

१६ नोव्हेंबर, रविवार

चर्चची घंटा झाली. आंटींनी दारातून जेवायला हाक मारली. गेले नाही.

विटा चौदा.

—

तीन उरल्या. बोटं सोलली आहेत. तो इतका जवळ आहे, आणि मी त्याला ताटावरून बोलले —

—

संपल्या. एक ठोका. पुन्हा एक. पायरीच्या उपटून दिल्या. त्याही —

आता शांत आहे. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज, ओल्या मालासारखा —

तीन.

हात खाली आलाय. रिकामा. वीट मागत नाहीये. मी म्हटलं, तू उतर ना, जितू. पंजा उघडाच आहे. मला त्याच्याशिवाय नाही राहता येणार.

फ्लॉसी आंटी, वही भट्टीवर ठेवतेय. कुणीतरी इथे येऊन बसा. जेवायला उठू नका. एक ठोका म्हणजे वीट, दोन म्हणजे माल, ती —