पहिलं अक्षर

बाबा, तुमची फ्लॉपी आज उघडली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिच्यावर तुमच्या अक्षरात ‘ऊस. हात लावू नये’ तसंच आहे. लावला. आजचा लॅपटॉप असली डिस्क ओळखतच नाही. जुना ड्राइव्ह मिळवून जोडला आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून आतलं बघायचा एक प्रोग्रॅम शिकून घेतला. तो पुसलेल्या फायलीसुद्धा दाखवतो. सगळे तुमचे उसाच्या रसाचे तक्ते, आणि तळाला एकच पुसलेली: ?AG. फाइल पुसली की ती लगेच नाहीशी होत नाही, बाबा. आधी फक्त नावाचं पहिलं अक्षर जातं. परत हवी असेल तर प्रोग्रॅम विचारतो, ते अक्षर कोणतं होतं?

मला तो रविवार आठवतो. कोथरूडच्या आपल्या स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही दारात उभे. “अगं, तुझं ते गोष्टीचं काढून टाकलं. जागा नव्हती. उद्या मांजरीच्या ऊस संस्थेत आकडे न्यायचेत.” ऑफिसने मोडीत काढलेला तो कॉम्प्युटर घरी आल्यापासून आई दुपारची त्यावर लिहायची; देवनागरी नव्हती, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. तिचं लाटणं थांबलं. “अहो, विचारायचं तरी.” “त्यात काय विचारायचं? तुझ्या डोक्यात आहेच की. पुन्हा लिही.” आणि वर चहा मागितलात. नवी फ्लॉपी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती, बाबा. आईने त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. तुम्ही मात्र पाहुण्यांना सांगायचात, “हिला लिहायचा नाद होता, सुटला.” नाद! दारू होती का ती?

आज मी आईला हाक मारली. “तुझ्या गोष्टीचं नाव काय होतं गं? शेवटी ए-जी दिसतंय. राग ना?”

“राग? तो कोण टाइप करत बसणार?” मटार सोलता सोलता ती म्हणाली. “बाग होतं. बी लाव आधी. उगवलं तर सांग.”

उगवलं, पण अर्धंच. एक बाई गॅलरीत तेलाच्या डब्यात जाई लावते. सासू म्हणते, फुलं खायची का? आई चष्मा सावरत वाचत गेली, “आणि मग ती म्हणाली,” आणि तिथून पुढे तुमचे आकडे. त्याच ओळीत.

“आई, काय म्हणाली ती?”

आईने मटारची शेंग पुन्हा हातात घेतली. “नाही गं आठवत.”

डोक्यात नव्हतं, बाबा.

हे पत्र कुठे टाकणार? राहील इथेच. पण एक सांगते. आईला विचारण्याआधीच मी आर दाबून बसले होते. प्रोग्रॅमला कुठलंही अक्षर चालतं. तिने बी लाव म्हटल्यावर मी हो म्हणाले. लावलं नाही. फाइलचं नाव अजून RAG आहे.