खांबाला हात लावण्याआधी

अमरावती,
ता. १६ सप्टेंबर १९६५

प्रिय कुर्बान,

तुला सलाम, सुरैय्या भाभींना जयभीम. त्या हसून "वालेकुम" म्हणतात ते मला इथूनही ऐकू येतं. इकडे सगळं ठीक. भातकुलीला आईची कपाशी बरी आहे, पंचफुलाचा खोकला गेला. आखाड्यात नवी पोरं आली आहेत. मल्लखांबाला बेडकासारखी चिकटतात आणि तशीच खाली घसरतात.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींत तीनदा "फिकर करू नको" लिहिलंस, तेव्हाच फिकर लागली.

हल्ली रेडिओवर लाहोरचं नाव आलं की मी उठून बाहेर जातो. लोकांना वाटतं, देवमन लढाईला भ्याला. मुनीरचं घर त्या शहरात कुठल्या बाजूला आहे, हे आपण कधी विचारलंच नाही रे.

चार वर्षं झाली त्या उन्हाळ्याला. जर्मनीतलं तळ्याकाठचं ते मुलांचं शिबिर. आपण दोघं कसरत शिकवायला गेलेलो, आणि मुनीर जर्मनीतच शिकत होता, सुटीत शिबिराच्या भटारखान्यात राबायचा. झेंड्याचा उंच खांब पाहून आपण एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाला तो झेंड्याचा खांब दिसला असता. वऱ्हाडच्या दोन येड्यांना मल्लखांब दिसला! तू पेटीतून एरंडेलाची बाटली काढलीस. मुनीर म्हणाला, "पेट खराब है क्या?" तू अख्खी बाटली खांबाला चोळलीस. माणसाचं वजन पेलायला तो खांब केलेलाच नव्हता, हे मला वर गेल्यावर कळलं. खांब कडाडला तसा मुनीर हातातला बटाटा टाकून धावला. त्यानं मला झेललं, आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं.

त्याला आपल्या आखाड्याची रीत तूच सांगितलीस. "जो झेलता है, उसका नाम लेके ही आगे खांब को हात लगाना. अब ये जिंदगीभर तेरा नाम लेगा. मैं इसका जोडीदार, तो मैं भी." तो इतका हसला की हाड दुखून कळवळला.

मी आजही रोज त्याचं नाव घेतो. "मुनीर" म्हणतो, मग हात लावतो. इथल्या पोरांना वाटतं, कोणी पीर असेल. परवाही घेतलं, मोठ्यानं. कोणी चकार शब्द काढला नाही. तेच नाव तू अकोल्याच्या तुझ्या शाळेत घेतलंस, तर बोंब झाली, की कसरतीचा मास्तर पाकिस्तानवाल्याचं नाव घेतो. आणि विचारल्यावर तू सरळ सांगून मोकळा: हो, लाहोरचा आहे. खोटं बोलायला तुला आलंय कधी! नाव एकच, कुर्बान. माझ्या तोंडून आलं तर रीत, तुझ्या तोंडून आलं तर गद्दारी. मला इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय.

सोमवारी शाळेत त्यावर सभा आहे आणि बहुतेक काढून टाकतील, असं तू लिहिलंस. हे मला तुझं कार्ड यायच्या आधीच माहीत होतं. कसं, ते लिहायचं मघापासून टाळतोय.

मंगळवारी आमच्या आखाड्याचे सेक्रेटरी उत्तमराव यांनी बोलावलं. म्हणाले, "देवमन, सोमवारी अकोल्याले जा. थ्या कुर्बानच्या जागेवर तुले घेऊन राह्यले. पक्की नोकरी हाय."

मी म्हटलं, "त्याले अजून कुठी काढलं?"

"काढतीन. तू फक्त थे नाव घेऊ नको. चूप राह्य अन् पोट भर."

मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. इथली माझी जागा हंगामी, तुला ठाऊकच आहे. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर पंचफुला भाकरी थापता थापता थांबली. "भावाच्या ताटातलं उचलून आपून जेवाचं का? थे माह्या घशाखाली नाही उतरन." एवढं बोलून तिनं पीठ झाकून ठेवलं. मला फार लाज वाटली, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

तर सोमवारी मी येतोय, पण तुझी जागा घ्यायला नाही. त्या सभेला बसलेल्या सगळ्यांना पटांगणातल्या मल्लखांबापाशी बोलावीन. मुनीरचं नाव घेईन आणि सांगेन, पडलो मी होतो, झेललं मला. कुर्बान नुसता जोडीदारकी पाळतो. काढायचं तर आधी मला काढा. मला काढायला त्यांनी अजून ठेवलंच कुठे, ही त्यांची पंचाईत. इथली हंगामी जागाही जाईल. जाऊ दे.

भीती वाटते, खोटं कशाला लिहू. "येऊ नको" असं कार्ड टाकलंस तर ते पोचलंच नाही म्हणेन. एवढंच कर, त्या दिवशी घरात बसून राहू नको. नाव घेऊन मी वर चढेन. खाली तू हवास.

तुझाच जोडीदार,
देवमन